अडीचचा हात

घड्याळ चंद्रभागाबाईंच्या मनगटावर थांबलंच नाही. दीपमालाने खटका लावला, टाळ्या वाजवायला सगळ्यांनी हात वर केले, आणि घड्याळ थेट कोपराच्या दिशेने निघून गेलं, जणू त्याला मुळात तिकडेच जायचं होतं.

"हे ब्रेसलेट वॉच आहे की बाजूबंद?" अनिरुद्धने विचारलं.

धाकट्या भावाच्या खरेदीत खोट निघाली की आपल्या नवऱ्याला जेवण जास्त जातं, हे पूर्णिमाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याप्रमाणे त्याने लगेच बासुंदीची वाटी पुढे केली. तिने वाढली, पण अर्धीच.

आदल्या दिवशी हॉस्पिटलात निरोप समारंभ झाला होता. बाळंतपणाच्या वॉर्डातून चंद्रभागाबाई इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. शाल मिळाली, कुंडीतलं रोपटं मिळालं, आणि ज्यांनी जन्मभर त्यांची रजा अडवली त्यांची भाषणंही मिळाली. आज रविवारी विश्रांतवाडीच्या घरी घरातलं जेवण. हिंजवडीहून धाकटा चेतन आणि त्याची बायको दीपमाला आले ते एक चपटी, जड, मखमली पेटी घेऊनच. पेटी उघडली तेव्हा पूर्णिमालाही क्षणभर बोलायला सुचलं नाही, आणि तिच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. स्विस घड्याळ. कड्यांचा पट्टा असा, की हातात उचलला तर पाण्यासारखा ओघळावा. एवढी नितळ वस्तू या घरात कधी आलीच नव्हती. सासऱ्यांनी, सीतारामरावांनी, तर चष्मा पुसून पुन्हा घातला.

आणि आता ती वस्तू सासूबाईंच्या कोपराशी लटकत होती.

"राहू दे गं," चंद्रभागाबाई हसून म्हणाल्या. घड्याळ त्यांनी खटका न उघडताच बांगडीसारखं ओढून काढलं. "छानच आहे. असं कर दीपमाला, तूच घाल. ऑफिसात शोभेल तुला."

पूर्णिमा शासनाच्या लेखापरीक्षण विभागात होती. दुसऱ्यांनी काय आलं म्हणून लिहिलंय आणि ते खरोखर कुठे गेलं, हे बघण्याचा तिला पगार मिळायचा. घरी हेच काम ती फुकट करायची. सासूबाईंचं खातं तिला तोंडपाठ होतं. चेतनच्या लग्नात घेतलेली रेशमी साडी घडी न मोडता नागपूरला आम्रपालीकडे, म्हणजे लेकीकडे गेली. खिडकीची खोली चेतनच्या अभ्यासाला गेली ती गेलीच. आता तिथे त्याची जुनी सायकल राहते. बोधगयेच्या सहलीतली जागा ऐनवेळी त्यांच्या नणंदेला. जमेची बाजू कायम भरलेली, आणि शिल्लक कायम शून्य. या खात्यात एक ओळ अशीही होती, जी पूर्णिमा वाचताना जरा भरभर वाचायची: सोन्याच्या पाटल्या, थोरल्या सुनेस. त्या याक्षणी तिच्या हातात होत्या.

"आई, घड्याळ तुमचं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच घालायचं."

खरं सांगायचं तर हे वाक्य निम्मं सासूबाईंसाठी होतं आणि निम्मं दीपमालाला मिळू नये म्हणून. कोणतं निम्मं आधी आलं, ते तिने तपासलं नाही.

चंद्रभागाबाईंनी मात्र दुसरं निम्मंच ऐकलं. बाळंतपणाच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवरच्या बायकांशी एकसारखंच वागायचं असतं, ही त्यांची जुनी शिस्त. "बरं, मग तू घाल," त्या म्हणाल्या. आणि पूर्णिमाने नाही म्हणेपर्यंत घड्याळ तिच्या हातात चढलंसुद्धा.

खट् असा बारीक आवाज झाला. तिच्या भरल्या मनगटावर ते ना सैल झालं, ना घट्ट. पट्टा मनगटाला असा बिलगला, जणू तिच्याच मापाने कुणी घडवला होता. दिव्याचा उजेड डायलवर पडला आणि छतावर एक लहानसा कवडसा थरथरला. पूर्णिमाने हात हलवला तर तोही हलला.

"वहिनी, एक नंबर," चेतन मनापासून म्हणाला. दीपमाला रिकाम्या पेटीकडे बघत होती. घड्याळ शोधण्यात तिचे तीन शनिवार गेले होते.

पूर्णिमाला ते घड्याळ हवं होतं. इतकं स्वच्छ, इतकं थेट काही हवंसं तिला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. या घरात वस्तू गप्प बसणाऱ्याकडेच जातात, हा तिचाच निष्कर्ष.

तिने खटका उघडला. घड्याळ काढून पेटीत ठेवलं आणि तोंडात आलेला पहिलाच प्रश्न दीपमालाला विचारला. "माप कशाचं दिलं होतंस?"

"मापानेच घेतलंय ताई," दीपमाला जरा फणकाऱ्याने म्हणाली. "मी काय अंदाजे नाही आणलं. सरप्राइज होतं म्हणून आईंचा हात मोजता येत नव्हता. मग त्यांच्या बांगड्यांतली एक नेली. अडीचची आहे. शोरूममध्ये त्यांनी बरोब्बर तिच्याएवढंच करून दिलं."

पूर्णिमाने तिच्या हातांकडे पाहिलं. दीपमालाचा हात मोकळा. एका हातात स्मार्टवॉच, दुसऱ्यात काही नाही. लग्नाच्या दिवशी भरलेला चुडा, तेवढाच काय तो तिचा बांगड्यांशी संबंध.

"अगं, बांगडीचं माप मनगटाचं नसतं," पूर्णिमा म्हणाली. "पंजाचं असतं. बांगडी पंजावरून आत जायला हवी ना. अंगठ्याच्या मुळाशी हात सगळ्यांत रुंद असतो, ते माप. एकदा आत गेली की मनगटावर ती सैलच राहणार. म्हणून तर वाजते."

"ओह," दीपमाला म्हणाली. मग एकदम हसू आलं तिला. "म्हणजे मी आईंच्या पंजासाठी घड्याळ आणलं."

"आणि पंजा माझा दांडगा," चंद्रभागाबाईही हसल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "हमालाचा शोभेल असा."

हसण्यात सगळे होते, सीतारामराव सोडून. ते खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून कमीच बोलायचे, आणि बोलले तर समोरच्याकडे न बघता, ताटाकडे बघून.

"लग्नात कासारणीने सव्वादोनच्या भरल्या होत्या," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"बांगड्या. सव्वादोनच्या. मी शेजारीच बसलो होतो. कासारीण म्हणाली होती, पोरीचा हात आहे हा, मोठं माप मागू नका, निसटतील."

"काहीतरीच," अनिरुद्ध म्हणाला. "आईच्या हातात सव्वादोन? अंगठासुद्धा जाणार नाही."

"बाबांचं खरंय," पूर्णिमा सावकाश म्हणाली. तिने आपल्या पाटल्यांवर बोट फिरवलं. "या मला आधी चढल्याच नव्हत्या. सोनाराकडून वाढवून घ्याव्या लागल्या. मला वाटलं, माझाच हात मोठा."

मग सगळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं. तो रोजचाच होता. त्याने वाढलेलं खाऊनच दोघं मुलगे वाढले होते. सांध्यांच्या गाठी सुपारीसारख्या वर आलेल्या. औषधी साबणाने आणि निर्जंतुक पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन कातडं कोरड्या कागदासारखं झालेलं. अवघडलेल्या बायकांना खाटेवरून उचलून, त्यांनी कळ आली की गच्च धरायचा म्हणून पुढे करून करून रुंदावलेला पंजा. किती जणी त्याला धरून आया झाल्या असतील, याचा हिशेब पूर्णिमाने मनात मांडायला घेतला आणि सोडून दिला. हिशेब सोडून देण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

आणि त्या पंजाच्या मागे, जिथे हात संपून मनगट सुरू होत होतं, तिथे एक वेगळीच बाई होती. मनगट बारीक होतं, गोल होतं. निळी शीर, एक लहानसं हाड, आणि आतल्या बाजूला अजून मऊ असलेली गोरटेली कातडी. सहावी-सातवीतल्या मुलीचं मनगट. हात सव्वादोनचा अडीच झाला होता. मनगट मात्र मांडवात बसलं होतं तिथेच बसून राहिलं होतं.

"झालं का बघून?" चंद्रभागाबाईंनी हात पदराखाली घेतले. "बासुंदी गार होतेय."

"ती गारच असते, आई," चेतन म्हणाला. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"आपण आत्ताच्या आत्ता कॅम्पात जायचं," पूर्णिमा म्हणाली. "बदलून घ्यायचं. तुमच्या मनगटाचं."

दीपमालाने चमकून तिच्याकडे पाहिलं. सात वर्षांत या दोन जावा कोणत्याही गोष्टीत एकाच बाजूने उभ्या राहिल्या नव्हत्या. "चला," ती म्हणाली आणि पेटी उचलली.

चेतनच्या गाडीत पाच जण बसले. अनिरुद्ध स्कूटरवर आला, कारण एम. जी. रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही हे त्याला सिद्ध करायचं होतं. ते सिद्धही झालं. तो दुकानाच्या दारात पंधरा मिनिटं समाधानाने उभा होता.

आत गारवा होता आणि अशी शांतता, की चपलांचा आवाज होईल म्हणून सीतारामराव टाचा उचलून चालू लागले. काचेखाली प्रत्येक घड्याळाला स्वतःचा वेगळा दिवा. चंद्रभागाबाई प्रत्येक कपाटापाशी जरा थांबत होत्या, तान्ह्या मुलांच्या खोलीत थांबतात तशा. "किती गं निगुतीने झोपवलीत," त्या पुटपुटल्या.

काउंटरवरच्या मुलीने हातमोजे चढवले, पेटी तपासली, पट्ट्यावर ओरखडा नाही हे पाहिलं आणि बदलून द्यायला मॅनेजरकडून होकार आणला. मग तिने मऊ फीत चंद्रभागाबाईंच्या मनगटाभोवती फिरवली. फीत बघितली. पुन्हा फिरवली.

"मॅडम, तेरा सेंटिमीटरला थोडं कमी," ती म्हणाली. "एवढं माप आमच्याकडे सहसा... म्हणजे छोट्या मुलींचं असतं."

"ती छोटी मुलगीच आहे," सीतारामराव म्हणाले, काउंटरच्या काचेकडे बघून. चंद्रभागाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

आधी आणलेल्या घड्याळाच्याच कड्या कमी करून पाहिल्या. खटक्याजवळच्या कड्या निघत नाहीत, त्यामुळे एका हद्दीपुढे पट्टा लहान होईना. झाला तेवढा केला तर डायलची दोन्ही टोकं मनगटाबाहेर, छपरावरच्या पत्र्यासारखी. मग दुसरं. ते कड्यासारखं ताठ होतं, ते पंजावरून जाईना. तिसरं गेलं, पण मनगटाच्या पोटाकडे फिरून बसायला लागलं. चौथं चेतनला आवडलं, पाचवं अनिरुद्धला, म्हणून चौथं वाईट ठरलं. चंद्रभागाबाई प्रत्येकाला "छान आहे की" म्हणत होत्या; कुठलं काढून घेतलं तरी त्यांना वाईट वाटत नव्हतं, हेच पूर्णिमाला सलत होतं. थोडा वेळ असंच गेलं तर त्या म्हणणार होत्या, राहू द्या रे, पैसे परत घ्या आणि दीपमालाला काहीतरी घ्या. ते वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन बसलेलं पूर्णिमाला दिसत होतं.

"जुन्या नमुन्याचं एक आहे," मुलगी म्हणाली. "फार लहान, म्हणून कुणी घेत नाही."

तिने आतून आणलेल्या पेटीत घड्याळ आहे की नाही, हेच आधी कळेना. डायल चिंचोक्याएवढा. पट्ट्याच्या कड्या तांदळाच्या दाण्यांसारख्या, ओळीने गुंफलेल्या. काही कड्या तिथेच काढल्या, खटका लावला, आणि मुलीने आपले हात मागे घेतले.

घड्याळ जागचं हललं नाही.

ते त्या गोल हाडाच्या अलीकडे टेकलं आणि तिथेच राहिलं, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं. चंद्रभागाबाईंनी हात उलटा केला, सुलटा केला. तांदळाचे दाणे कातडीवरून हलके सरकले आणि परत जागेवर बसले. खाली तो दांडगा, गाठाळ, अडीचचा पंजा. आणि वर ते लहानसं तेज. दोन्ही एकाच बाईचे आहेत यावर विश्वास बसायला वेळ लागत होता. काउंटरपलीकडची मुलगी बघत राहिली. अनिरुद्धने किमतीचा कागद उलटायला घेतलेला हात तसाच ठेवला. चेतनने फोटो काढायला फोन वर केला आणि न काढताच खाली घेतला. पूर्णिमाला वाटलं, आपण वीस वर्षं एका घरात राहिलो आणि या बाईंना भेटलो आज.

चंद्रभागाबाई डायल डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. मग त्यांची भुवई वर गेली.

"याला सेकंद काटा नाही."

"या प्रकारात नसतो, मॅडम."

पूर्णिमाला ते जुनं उलटं घड्याळ आठवलं. वॉर्डात मनगटावर काही घालायचं नाही, म्हणून सासूबाईंनी जन्मभर एक बिनपट्ट्याचं घड्याळ सेफ्टी पिनेने छातीवर उलटं टांगलं होतं. मान खाली घातली की त्यांना सुलटं दिसायचं. समोरच्यांना मात्र बारा कायम खाली. त्यात ताससुद्धा त्या क्वचितच बघत. त्यांचं सगळं काम त्या तिसऱ्या, बारीक, लाल काट्यावर. नाडी त्यावर, कळा त्यावर, बाळ बाहेर आल्यापासून पहिलं रडेपर्यंतचा वेळही त्यावर.

"मग हे नको," अनिरुद्ध म्हणाला. "तिला सेकंद काटा लागतो."

"दादा बरोबर बोलतोय," चेतन म्हणाला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघं भाऊ एका बाजूला आले, तेही चुकीच्या. "ते पाचवं परत बघूया. त्यात होता."

"ते पोटाकडे फिरत होतं."

"नाही, ते तिसरं."

"आई," दीपमाला मध्येच म्हणाली. तिला बहुधा सोपं करून सांगायचं होतं. "आता कुणाची नाडी मोजायचीय तुम्हाला?"

अनिरुद्धने मान फिरवली. दीपमालाच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तिचा चेहरा उतरला. पूर्णिमाने तिच्या दंडावर हात ठेवला. तो का ठेवला ते तिलाही कळलं नाही.

चंद्रभागाबाईंनी मनगट उजेडात धरलं. त्या डायलकडे बघत होत्या. दोन काटे, तेही केसाएवढे. ते हलताना दिसत नव्हते. हलत मात्र होते.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "कुणाचीच नाही." आणि मग, जणू कुणीतरी खूप मोठी खोली उघडून दाखवली असावी तशा आवाजात, "अगं, कुणाचीच नाही."

त्या हसल्या. पूर्णिमाने ते हसू आधी पाहिलेलं नव्हतं. दिलेलं हसू आणि घेतलेलं हसू यांत फरक असतो, हे तिला त्या काउंटरवर समजलं.

"हेच द्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पेटी नको. घालूनच जाते."

मुलीने बाकीचं आवरायला घेतलं. शेवटी तिने एक छोटी पारदर्शक पुडी पुढे केली. आत तांदळाएवढ्या काढलेल्या कड्या.

"या सांभाळून ठेवा, मॅडम. पुढे कुणाला द्यावंसं वाटलं, तर परत लावता येतात. कुणाच्याही हाताला बसेल मग."

चंद्रभागाबाईंचा हात सवयीने पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी पुडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. कड्या नाहीत तोवर ते या घरात दुसऱ्या कुणालाच होणार नव्हतं. ना पूर्णिमाला, ना दीपमालाला, ना नागपूरच्या लेकीला.

"पूर्णिमा," त्या म्हणाल्या, "ही तू घे."

"मी?"

"तुझ्याकडून वस्तू सुटत नाही."

हा टोमणा होता की शाबासकी, हे पूर्णिमाने नंतर ठरवायचं म्हणून बाजूला ठेवलं. तिने पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली.

"मी मागितली तरी देऊ नकोस," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"आणि आम्रपालीसाठी मागितलीत तर?"

"तरी नाही."

"माझ्यासाठी मागितली तर, आई?" दीपमालाने भीतभीत विचारलं.

"तुझ्यासाठी मागितली तर मुळीच नाही. सरळ खोटं बोल म्हणावं पूर्णिमाला, हरवली म्हणून." त्यांनी दीपमालाच्या गालाला त्या दांडग्या पंजाने हलकेच चापट मारली. "तू शोधलंस म्हणून तर सापडलं, बाई."

बाहेर एम. जी. रोडवर रविवारची गर्दी होती. अनिरुद्ध स्कूटर काढायला गेला, चेतन गाडीकडे. दोघी जावा एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिल्या, मध्ये कुणी नव्हतं. ऊन उतरलं होतं, आणि उतरत्या उन्हात तो चिंचोका नुसता लखलखत होता.

"अगं, किती वाजले?" सीतारामरावांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्या घरात नेहमी तत्काळ मिळायचं. चंद्रभागाबाईंनी हात वर केला, डोळ्यांसमोर धरला, आणि तसाच धरून ठेवला. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"अगं, किती म्हणालीस?"

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "बघतेय मी."